तेरीज जुळली, पण हिशेब?

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

नल्लकुंट्याला राहणाऱ्या माणसाला रोगांचा इतिहास शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आमच्या वस्तीतील फीव्हर हॉस्पिटलला सर रोनाल्ड रॉस यांचे नाव दिलेले आहे, आणि ज्या शोधामुळे रॉस जगप्रसिद्ध झाले तो हिवतापाच्या डासाचा शोध १८९७ साली येथून जवळच, सिकंदराबादेत लागला. थोडे पुढे गेले की तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था लागते. तिची सुरुवात १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरी या रोगाच्या चौकशीसाठी झाली आणि १९५८ साली ती हैदराबादेत आली. म्हणजे एक संस्था तापाशी झुंजणारी, तर दुसरी अन्नातील उणिवांशी. परंतु काळ किती बदलला पाहा! त्याच पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा पोटावरील चरबी आणि लठ्ठपणा कसा टाळावा हेही तिला त्यांत सांगावे लागले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा जास्त वजनाचे आढळले. म्हणजे आपल्या वर्गातील चार बाकांपैकी एक बाक!

या पार्श्वभूमीवर गेल्या काही दिवसांत एक नवी गोष्ट आपल्या घराघरांत शिरली आहे. आठवड्यातून एकदा टोचून घ्यायचे वजन कमी करण्याचे इंजेक्शन. टिर्झेपटाइड हे औषध 'मौंजारो' या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आले आणि सेमाग्लुटाइड हे 'वेगोव्ही' या नावाने जून २०२५ मध्ये. पहिल्या औषधाच्या सर्वांत कमी मात्रेची एक कुपी त्या वेळी ३,५०० रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला १४,००० रुपये. अर्थात हे सामान्य पगारदाराच्या आवाक्यातले नव्हते. परंतु सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. पेटंटची मुदत सरली की विक्रेते वाढतात आणि विक्रेते वाढले की किंमत उतरते, हे आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना कोणी वेगळे शिकवायला नको. औषधनिर्मितीची राजधानी म्हणून मिरवणाऱ्या या शहरात तर नकोच नको. तेव्हा जे श्रीमंतांचे औषध म्हणून आले ते हळूहळू आपल्या काका-काकूंचे आणि मग आपल्या वर्गमित्रांचे होणार. म्हणून त्याविषयी आताच मोकळेपणी बोलावे, असे मला वाटते.

आम्हाला पुस्तपालनात एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकविली जाते. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बिनचूक आहे असे समजू नये. रक्कम चुकीच्या खात्यावर पडली, तरी दोन्ही बाजूंची बेरीज बरोबरच येते. वजनाचा काटा ही अशीच एक तेरीज आहे. काटा फक्त बेरीज सांगतो. दहा किलो कमी झाले हे तो सांगेल. पण ते दहा किलो कोणत्या खात्यातून गेले, हे तो सांगत नाही. शरीराची चरबी हा गोदामात पडून राहिलेला माल आहे असे धरले, तर स्नायू ही कारखान्याची यंत्रे आहेत. माल विकून कर्ज फेडणाऱ्या व्यापाऱ्याला आपण शहाणा म्हणू. पण यंत्रे विकून कर्ज फेडणाऱ्याला काय म्हणावे? त्याचा ताळेबंद वर्षअखेर चांगला दिसेल, पण पुढच्या वर्षी त्याला कारखाना चालविता येणार नाही.

ही नुसती कल्पना नव्हे. सेमाग्लुटाइडची मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के घटले, तर नुसते पाणी टोचलेल्यांचे २.४ टक्के. यश निर्विवाद मोठे आहे. परंतु ज्या थोड्या लोकांच्या शरीराची क्ष-किरणांनी मोजदाद केली, त्यांच्यात गेलेल्या वजनापैकी सुमारे ४० टक्के वजन चरबीखेरीज इतर भागाचे होते. टिर्झेपटाइडच्या चाचणीत हेच प्रमाण सुमारे २५ टक्के आढळले. हा सगळाच भाग स्नायूंचा नसतो, त्यात पाणी व इतर ऊतीही येतात, हे खरे. आणि नुसत्या उपासाने वजन उतरविले तरी थोडेफार स्नायू जातातच. औषधाचा हा काही खास दुर्गुण नाही. पण औषधाने वजन इतके अधिक आणि इतक्या लवकर उतरते की नुकसानीची रक्कमही त्या मानाने मोठी होते.

आता हा प्रश्न आपल्या लोकांसाठी अधिक गंभीर का, ते पाहू. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे नाव मधुमेहाच्या अभ्यासकांना परिचित आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापून आले. दोघांचा बी. एम. आय. म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! तेरीज तीच, खाती मात्र निराळी. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांचा आणि बालकांचा अभ्यास चालविला. त्यातही हेच दिसले की आपली बाळे वजनाने कमी, पण त्यांच्यात चरबीचा वाटा टिकून आणि स्नायूंचा वाटा उणा. म्हणजे आपण जन्मतःच कमी भांडवलावर दुकान मांडतो. ज्याच्यापाशी यंत्रेच थोडी, त्याने ती विकून खाल्ली तर त्याचे काय होणार? युरोप-अमेरिकेतील धिप्पाड माणसाला जे नुकसान सोसेल, ते मराठवाड्यातून किंवा बिदर-गुलबर्ग्याकडून येथे येऊन पिढ्यान्‌पिढ्या टेबलावर बसून कारकुनी केलेल्या आपल्या घराण्यांना सोसेलच असे नाही.

यावर उपाय कोणता? उत्तर जुनेच आहे. व्यायाम. परंतु व्यायाम म्हणजे काय, याविषयी आपल्याकडे दोन गैरसमज घट्ट बसलेले आहेत, आणि औषध घेणाऱ्या माणसाला ते दोन्ही गैरसमज महागात पडू शकतात.

पहिला गैरसमज असा की, व्यायाम म्हणजे घाम गाळणे आणि जितका घाम अधिक तितका लाभ अधिक. आमच्या गल्लीतील एका दादाचे लग्न ठरले. तारखेला तीन महिने उरले होते. त्याने कोणाच्या तरी ओळखीने इंजेक्शन मिळविले आणि त्याच आठवड्यात जिममध्ये नावही घातले. भूक तर औषधाने मेलेलीच होती. दिवसभरात दोन इडल्या आणि चहा, त्यावर संध्याकाळी दीड तास ट्रेडमिल. जिममध्ये त्याला शिकविणाऱ्याला औषधाविषयी काहीच ठाऊक नव्हते, कारण दादाने ते सांगितले नव्हते; आणि त्यानेही कधी विचारले नाही. मे महिन्याचे दिवस. तिसऱ्या आठवड्यात मात्रा वाढविण्याची घाई केली, दोन दिवस उलट्या झाल्या, आणि तिसऱ्या दिवशी 'खाडा नको' म्हणून पठ्ठ्या पुन्हा पट्ट्यावर चढला. डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडला. हनुवटीला चार टाके पडले. लग्नातील छायाचित्रांत ती खूण आजही दिसते. थोडक्यात निभावले म्हणायचे.

दुसरा गैरसमज असा की, बायकांचा व्यायाम म्हणजे चालणे. वजने उचलणे हे पहिलवानांचे काम. विद्यापीठाच्या आवारात पहाटे चालायला येणाऱ्या आपल्या आया, मावश्या, काकवा पाहाव्यात. चालणे उत्तमच आहे. ते हृदयाला, साखरेला आणि मनाला हितकर असते. पण स्नायू राखायचे, तर त्यांना ओझे द्यावेच लागते. शरीर मोठे हिशेबी आहे. जे यंत्र वापरात नाही त्याच्या देखभालीवर ते पैसा खर्च करीत नाही. उपासमार झाली की आधी तेच विकायला काढते. ओझे उचलणारा स्नायू मात्र 'माझी गरज आहे' असे शरीराला दर दोन-तीन दिवसांनी सांगत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी जे प्रमाण सांगितले त्यात दोन्ही गोष्टी आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, आणि शिवाय किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम. आपण या वाक्याचा पहिला अर्धा भाग पाठ केला आणि दुसरा विसरलो.

वस्तुतः हा दुसरा भाग आपल्याला परका नाही. मराठीत तालीम, कन्नडमध्ये गरडी मने. या नियतकालिकाच्या दोन्ही विभागांतील वाचकांच्या आजोबा-पणजोबांना तिची ओढ होती. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने आपले देशी व्यायामप्रकार तेथे करून दाखविले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार आयुष्यभर केला. जोर आणि बैठका यांना यंत्र लागत नाही, वर्गणी लागत नाही. जी गृहिणी जोर काढू शकत नाही तिने भिंतीला हात टेकून काढावेत. जिला पूर्ण बैठक जमत नाही तिने खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे आणि बसावे. एक लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या म्हणजे दोन किलोंची वजने झाली. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एकेक दिवसाची विश्रांती, आणि श्वास कोंडून न धरता. एवढे साधे भांडवल पुरते.

तथापि औषध घेत असताना व्यायामाचे काही नियम बदलतात, आणि ते का बदलतात हे समजून घेतले तर लक्षात ठेवणे सोपे जाते. ही औषधे आतड्यांतून स्रवणाऱ्या संप्रेरकांची नक्कल करतात. त्यामुळे जठर सावकाश रिकामे होते आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप लवकर पोचतो. सावकाश रिकाम्या होणाऱ्या पोटावर उड्या मारल्या किंवा खाली वाकण्याचे प्रकार केले, तर मळमळ वाढणारच. म्हणून भरपेट जेवणानंतर लगेच व्यायाम नको आणि मळमळीच्या दिवसांत सूर्यनमस्कारही नकोत. मळमळ व उलट्या बहुधा मात्रा वाढविल्यानंतरच्या दिवसांत अधिक असतात. सेमाग्लुटाइडची मात्रा चार-चार आठवड्यांनी एकेक पायरी वाढवितात ती याचसाठी. तेव्हा मात्रा वाढली त्या आठवड्यात व्यायाम वाढवू नये. एका वेळी एकच पायरी. आणि उलट्या-जुलाब चालू असतील त्या दिवशी सरळ सुट्टी घ्यावी. अशा वेळी अंगातले पाणी आधीच कमी झालेले असते; त्यात घामाची भर पडली तर मूत्रपिंडांवर ताण येतो. हैदराबादच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. भूक मंदावलेल्या माणसाला पुष्कळदा तहानेचीही आठवण राहत नाही. म्हणून पाणी तहानेवर न सोपविता घड्याळावर सोपवावे, आणि फिरणे सूर्य वर येण्याच्या आत उरकावे.

दुसरी बाब साखरेची. ही औषधे एकटी असताना रक्तातील साखर धोकादायकरीत्या क्वचितच उतरवितात. पण त्यांच्या जोडीला इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल आणि त्यात उपाशीपोटी श्रम झाले, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. माझी आत्या मधुमेहासाठी हे इंजेक्शन घेते. ग्लिमेपिराइडची गोळी पूर्वीपासून चालूच आहे. शिवाय संकष्टी आणि एकादशी! "अगं, उपासाच्या दिवशी तर मला चालायला अगदी हलकं वाटतं," असे ती म्हणायची. त्या हलकेपणाच्या मागोमाग एकदा हातांना कापरे आणि दरदरून घाम आला. सोबतच्या बाईंनी प्रसंगावधान राखून जवळच्या टपरीवरून साखर आणून पाण्यातून पाजली म्हणून बरे. त्यानंतर डॉक्टरांनी गोळीची मात्रा कमी केली. आता ती उपास करते, पण डॉक्टरांना आधी विचारते, त्या दिवशी लांब चालत नाही, आणि कनवटीला ग्लुकोजची पुडी असते. देव यावर रागावल्याचे अद्याप तरी ऐकिवात नाही.

मधुमेह जुना असेल तर आणखी एक गोष्ट. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाल्याशिवाय जड वजने उचलू नयेत. पडद्यावरील नाजूक रक्तवाहिन्यांना जोराचा ताण सोसत नाही, आणि साखर एकाएकी खाली आली तर हा विकार काही काळ बळावू शकतो. तसेच नाडीचे ठोके या औषधांनी मिनिटाला थोडे वाढतात. म्हणून घड्याळातील ठोक्यांच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा जुनी कसोटी बरी. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतपतच वेग असावा. छातीत दुखणे, घेरी, पाठीपर्यंत जाणारी पोटातील असह्य कळ, न थांबणाऱ्या उलट्या यांपैकी काहीही झाले तर व्यायाम तेथेच थांबवून डॉक्टरांकडे जावे. 'उद्या पाहू' असे म्हणू नये.

आणि पोटात काय जाते? व्यायाम ही मागणी आहे. पुरवठा झाला नाही तर नुसत्या मागणीने माल तयार होत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या प्रमाणानुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. वजन उतरविताना तज्ज्ञ याहून अधिक सुचवितात. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. ज्याची भूक निम्म्यावर आली आहे त्याच्या ताटात पहिला घास कशाचा असावा, याला म्हणून महत्त्व येते. आपण वरणाचे पाणी करून भाताचा डोंगर भिजवितो. औषध घेणाऱ्याने हा क्रम उलटावा. आधी उसळ, पिठले, घट्ट वरण, दही, अंडे. भाताला जागा उरली तर उरली. शंभर ग्रॅम कच्च्या डाळीत २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात सुमारे ६. यासाठी महागडे डबे घ्यायला नकोत. प्रथिनांच्या भुकट्यांपासून दूर राहा, असे पोषण संस्थेनेही २०२४ च्या तत्त्वांत सांगितले आहे.

आता दोन आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, औषधाने वजन उतरतेच आहे, तर मग व्यायामाचा खटाटोप कशाला? याचे उत्तर कोपनहेगनच्या एका प्रयोगाने दिले आहे. तेथे १९५ लठ्ठ व्यक्तींचे वजन आधी आठ आठवडे कमी खाण्याने सरासरी १३ किलोंनी उतरविले. नंतर वर्षभर काहींना लिराग्लुटाइड हे याच कुळातील औषध, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही, तर काहींना दोन्हीपैकी काहीच दिले नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, दोन्ही करणाऱ्यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण एकेकटा उपाय करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट घटलेले दिसले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, औषध थांबविल्यावर वर्षभराने पाहिले तेव्हा ज्यांनी व्यायामाची जोड दिली होती त्यांनी आपले यश अधिक टिकविले होते. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध थांबल्यावर एका वर्षात गेलेल्या वजनाचे दोन तृतीयांश वजन परत आले. परत येणारे वजन अधिकतर चरबीच्या रूपाने येते. म्हणजे यंत्रे विकली आणि त्यांच्या जागी पुन्हा न खपणारा माल भरला! दर महिन्याचा हा खर्च आयुष्यभर कोण भरणार? औषध हा चालू खर्च आहे. व्यायामाने कमावलेले शरीर ही गुंतवणूक आहे. खर्च कधीतरी थांबवावा लागतो, तेव्हा मागे काय उरते हे पाहायचे असते.

दुसरा आक्षेप अगदी उलट टोकाचा आहे. व्यायाम करायचाच तर औषध कशाला? औषध घेणारा आळशी आहे, ही पळवाट आहे, असे आपले वडीलधारे म्हणतात. क्वचित प्राध्यापकही म्हणतात. त्यांची शंका निराधार नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल नावाच्या औषधाने शरीराची उष्णता वाढून माणसे दगावली. सिब्युट्रामिन हे हृदयाला घातक ठरल्यामुळे २०१० मध्ये अमेरिका-युरोपातून आणि २०११ मध्ये भारतातून हद्दपार झाले. तरी पुढेही 'वनौषधी' म्हणून विकल्या गेलेल्या चूर्णांत ते सापडत राहिले. तेव्हा चिठ्ठीशिवाय, ओळखीतून, पार्सलने येणाऱ्या कोणत्याही औषधाविषयी संशय हवाच. परंतु डॉक्टरांनी तपासून दिलेले औषध घेणाऱ्याला आळशी ठरविणे ही निराळी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना लठ्ठपणाला उलटून येणारा, दीर्घकाळ चालणारा आजार मानते. डिसेंबर २०२५ मध्ये तिने या औषधांविषयी मार्गदर्शन केले, तेव्हा त्यांच्या वापराला अटींसह मान्यता दिली आणि आहार-व्यायामाची जोड हवी असेही सुचविले. चष्मा लावणाऱ्याला आपण 'डोळ्यांचा आळशी' म्हणतो का?

माझ्या मते या हिणवण्याचा खरा दुष्परिणाम निराळाच आहे. टोमण्यांना भिऊन माणसे औषध लपवितात. सुना सासवांपासून लपवितात, मुले आईवडिलांपासून लपवितात, आणि सर्वांत वाईट म्हणजे, जिममध्ये शिकविणाऱ्यापासून लपवितात. मग शिकविणारा आपला नेहमीचा आसूड उगारतो आणि उपाशी घोडा पडतो. आमच्या गल्लीतील दादाला औषधाने पाडले नाही आणि व्यायामानेही नाही. त्याला लपवाछपवीने पाडले. अति तेथे माती हे खरेच. पण मला वाटते, लपविले तेथे तिच्याही आधी माती.

म्हणून दोन-तीन सूचना कराव्याशा वाटतात. क्रीडा विभागाने व्यायामशाळेच्या नोंदवहीत एक ओळ वाढवावी. 'कोणते औषध चालू आहे काय?' उत्तर गुप्त राहील अशी हमीही द्यावी. व्यायामशाळा आठवड्यातून दोन दिवस फक्त विद्यार्थिनींसाठी खुली असावी. आज तेथे मुलींची पावले वळत नाहीत, याचे कारण मुलींना आवड नाही एवढेच नाही. आणि आपण विद्यार्थ्यांनी घरी एक काम करावे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी औषधासोबतचे इंग्रजी पत्रक कोणी वाचीत नाही. आपण दोन-तीन भाषा जाणणारी मुले आहोत. ते पत्रक आजी-आजोबांना मराठीत, कन्नडमध्ये, लागल्यास तेलुगूत वाचून दाखवावे. कोणती गोळी सोबत चालू आहे ते कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवावे. आणि संध्याकाळी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसून दहा वेळा उठबस करावी. एकट्याने करायला वडीलधाऱ्यांना संकोच वाटतो, नातवंडांबरोबर वाटत नाही.

काट्यावरचा आकडा उतरला की पेढे वाटावेत, माझी हरकत नाही. फक्त आधी इतर खाती पाहून घ्यावीत. जिना चढताना दम कमी लागतो का? बाजाराची पिशवी पूर्वीइतकीच उचलता येते का? जमिनीवर मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता येते का? ही उत्तरे 'होय' असतील, तर गेले ते ओझेच गेले. 'नाही' असतील, तर काटा काहीही सांगो, हिशेब पुन्हा एकदा तपासून पाहिला पाहिजे.